चाळीतले बोंबील
साठच्या दशकातल्या एका डिसेंबरात पालघर स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत एका कोळी म्हातारीचे बोंबील सडले. मुलगा रोज मुंबईला नोकरीला जाई, म्हणून त्याने किनाऱ्यावरचं घर विकून तिला इथे आणलं होतं. तिने अंगणात बांबू रोवले आणि दोरीवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगले. "म्हातारे, चाळीत बंदर उघडलंस काय?" शेजारी हसले. समुद्राचा वारा इथवर पोचत नव्हता. बोंबील वाळलेच नाहीत. "आये, बाजारातून आणू नं," मुलगा म्हणाला. "इकत घ्याचं? मंग मी हितं कशाला हाय रं?" तिने विचारलं. तो गाडी पकडायला निघाला. तिने बोंबील पुरले, बांबू तोडून माझ्या आईला सरपणाला दिले. दुसऱ्या सकाळी आमचं पाणी त्यांवर तापलं. धुराला बोंबलांचा वास होता.