सोमाजीभाऊंच्या नावाचं झाड

सोमाजीभाऊ दगडाचाही वास घेत. माजरीच्या खाणीतून आणलेला दगड मी टेबलावर ठेवला, की आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजातले हे परिचर तो ओला करत, त्यावर अंगठा फिरवत, नाकाशी नेत आणि मगच बोलत. गडचिरोलीकडच्या जंगलगावात वाढलेला माणूस. झाड सालीवरून ओळखायची सवय दगडापुढेही सुटत नव्हती. मी गालातल्या गालात हसत असे.

माझं काम लायकोपॉडांच्या जीवाश्मांवर. कोळसा होण्याआधीच्या दलदलीत ही वनस्पती झाडाएवढी वाढे. आज तिचे भाऊबंद वीतभर उरलेत. पानं गळाल्याच्या खुणा खोडावर शंकरपाळ्यांसारख्या दिसतात. एका दगडावर मात्र शंकरपाळे नव्हते, नुसते उभे फुगवटे होते. मी हरखलो. नवी जात!

"नवी नाई, सर," भाऊ म्हणाले. "झाड तेच व्हय. याची साल निंगून गेली. आमच्या जंगलातलं येनाचं झाड सोलून पाहा. वरून मगरीची पाठ, आतून येगळाच. मंग दोन झाडं म्हणता काय त्याले?"

त्यांचं खरं असावं, अशी शंका मला तेव्हाच आली होती. पण नव्या जातीवाचून माझ्या शोधनिबंधाला कोण विचारणार? मी त्या जातीला भाऊंचंच नाव दिलं आणि निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून भर सभेत त्यांच्या हाती ठेवलं. भाऊ पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मला तेच हवं होतं.

दहा-बारा वर्षांनी घुग्घुसकडे एक लांब खोड सापडलं. अर्ध्यावर साल, त्यावर शंकरपाळे; अर्धं सोललेलं, त्यावर फुगवटे. जात रद्द करणं भागच होतं. तो निबंधही मीच लिहिला, जणू हे मलाच प्रथम सुचलं.

सांगायला भाऊंच्या गावी गेलो. ते निवृत्त होऊन तिथेच राहत होते. भिंतीवर देव होते, नातवंडांचे फोटो होते, फ्रेम दिसेना. त्यांनी ती पेटीतून काढली, जुन्या धोतरात गुंडाळलेली.

"भितीवर नाई लावली, सर. झाड एकच होतं ना. तुमी नाव देल्लं अन् मी गुमान राह्यलो. मले लाज वाटे."

लाज त्यांना वाटत होती. मी खाली बघत जात रद्द झाल्याचं सांगितलं.

"म्हंजे नव्या कागदात माहं नाव नाई?"

"नाही, भाऊ."

"बरं केलं, सर." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

खोट्याला मी त्यांचं नाव लावलं होतं आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं तेव्हा गाळलं होतं. ते असेपर्यंत मी हे त्यांना सांगू शकलो नाही. त्या दिवशी चहा मात्र दोनदा घेतला.