चार माणसांचा कलिया

माझ्या भाचीनं निराला बाजारच्या मागच्या गल्लीत हॉटेल काढलं, तेव्हा ते शोधायलाच मला अर्धा तास लागला. पाटी इतकी बारीक, की डोळ्याच्या डॉक्टरनं नंबर काढायला न्यावी. जुन्या बंगल्याचा वरचा मजला, लोखंडी जिना, सहा टेबलं, वीस खुर्च्या, त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींसारख्या नाहीत, आणि कोपऱ्यात बार. उजेड असा, की ताटात काय आलंय ते चवीवरूनच ओळखायचं. बारवाला चिंचेच्या कोळात, कढीपत्त्यात, पैठणकडच्या मोसंबीत काय काय मिसळून इवल्याशा गिलासात देतो आणि वरून त्यात एक रोपटं लावतो. मी तिथं फक्त लिंबूपाणी घेतो. त्यात तो काय घालतो ते त्याचं त्याला माहीत.

मी मंडपवाला. पस्तीस वर्षं या शहरात खांब, कनाती, खुर्च्या अन् कर्णे भाड्यानं दिले. लग्न कुणाचंही असो, सगळ्यात आधी मी जायचो अन् सगळ्यात शेवटी मी निघायचो. त्यामुळं या शहरातले झाडून सगळे आचारी अन् बावर्ची मला ओळखतात, आणि मी त्यांच्या हातच्या चवी ओळखतो. इथं बऱ्याच लग्नांत नान-कलिया असतो, म्हणजे मऊ नान अन् मटणाचा तर्रीदार रस्सा. भाचीनं जेव्हा विचारलं, "मामा, आपल्या गावचा अस्सल नान-कलिया करणारं कुणी आहे का? मला तो मेनूवर पाहिजेच," तेव्हा माझ्या तोंडातून एकच नाव निघालं. नाव म्हणजे आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, तेवढंच.

उस्तादांचं काय सांगावं. शहागंजातला माणूस. मी भाचीला सांगितलं, की त्यांच्या देगीत, म्हणजे शिजवायच्या हंड्यात, उतरायला शिडी लागायची. ढवळायचा खुरपा जायकवाडीच्या नावेचं वल्हं होऊ शकला असता. आणि त्यांनी दम दिलेली देग उघडली, की वास थेट लासूर स्टेशनपर्यंत जायचा, अन् सिग्नल हिरवा असूनही गाडीचा ड्रायव्हर ब्रेक लावायचा. हे मी पाहिलेलं नाही. पण सांगताना माझा आवाज कधी हललेला नाही.

खरं त्याहून साधं होतं. सत्तरी गाठलेले उस्ताद दोन लगीनसराया घरीच बसून होते. उजवा खांदा गेलेला. लग्नवाले आता तयार केटरर बोलावतात. एक दिवस बाजारात मला त्यांची बायको भेटली, मी त्यांना भाभी म्हणतो. त्या म्हणाल्या, "भाईसाब, इनकू कहीं लगा दो. दिन में चार बार मेरे डब्बे गिनते. कल बोले, मिर्ची कम कैसे हुई. अब मिर्ची कम नै होती तो क्या बढती क्या?"

म्हणून भाचीनं विचारताच मी त्यांचं नाव सांगितलं. उस्तादांची एक अट होती. दारूच्या समोर उभं राहणार नाही. भाची म्हणाली, "चाचा, स्वयंपाकघराला मागून वेगळा जिना आहे. बार तुमच्या नजरेलाही पडायचा नाही." उस्ताद मागच्या जिन्यानं येऊ-जाऊ लागले. बारला ते 'पानी का महकमा', म्हणजे पाणीखातं, म्हणत आणि त्याच्याबद्दल पुढं काही विचारत नसत.

पहिल्या शनिवारी भाचीनं सांगितलं, वीस ताटांचा कलिया करा. सकाळी मी गेलो तर जिन्यावर देग अडकलेली. उस्तादांनी ती भाड्यानं आणवली होती, ती दारातून आत जाईना, म्हणून चौघं तिला तिरकी करून ढकलत होते. मी म्हटलं, "उस्ताद, वीसच माणसं आहेत."

"बीस कभी बीस नै होते मंडपवाले," ते शांतपणे म्हणाले. "बीस को दावत दो तो साठ आते, साठ के साथ बच्चे आते, बच्चों के साथ ड्रायव्हर आते. आखरी मेहमान उठे तक देग का तला नै दिखना. तला दिखा तो बावर्ची की नाक गयी."

त्यांच्या आयुष्यात हे खरंच होतं. या हॉटेलात मात्र वीस खुर्च्या म्हणजे वीसच माणसं, आणि त्या दिवशी आली चौदा. त्यातल्या दोघी शाकाहारी. उरलेला कलिया मी रिक्षा स्टँडवर, दोन वसतिगृहांत अन् मुकुंदवाडीच्या माझ्या अख्ख्या गल्लीत वाटला. आमच्या गल्लीतली कुत्री तीन दिवस कुणावर भुंकली नाहीत.

पुढच्या वेळी भाचीनं स्वतः छोटं पातेलं ठेवलं. आणि तेव्हा कळलं, की उस्तादांना छोटं येतच नाही. मीठ मुठीनं, तेल डब्यानं, पाणी घागरीनं. चिमूट म्हणजे काय हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. मुठीतून जरासं सोडायला गेले तर पातेल्यात अर्धी मूठ पडली. पहिल्या दिवशी खारट, दुसऱ्या दिवशी पांचट, तिसऱ्या दिवशी हळद इतकी की एका गिऱ्हाईकाची बोटं दुसऱ्या दिवशीही लग्नातल्या नवरदेवासारखी होती. त्यानं फोटो काढून पाठवला.

भाचीचा एक भागीदार आहे, पुण्याचा. पोरगा सभ्य, बोलतो मऊ, पण मऊ बोलणाऱ्याचं बोलणं खोल रुततं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, चाचांबद्दल मला आदर आहे. पण मेनूवर कलिया लिहिलाय आणि येतोय रोज वेगळाच. पुढच्या ड्राय डेला बार बंद असतो, गिऱ्हाईक नसतं. त्या दुपारी चाचांनी फक्त चार माणसांचा कलिया करावा. जमला तर ते राहतील. नाही जमला तर आपण त्यांना सन्मानानं निरोप देऊ. शाल, नारळ वगैरे."

मी म्हटलं, "शाल-नारळ घेऊन ते घरी काय डबे मोजतील?"

"काका, सेन्सिबल राहू या."

आता या माणसाला काय सांगावं. हजारो लोकांना जेवू घालणाऱ्याला चार माणसं जमत नाहीत म्हणून घरी पाठवायचं, म्हणजे विहिरी खोदणाऱ्याला तांब्या भरता येत नाही म्हणून काढल्यासारखं. पण त्याचंही चुकत नव्हतं. तांब्याच भरायचा होता.

मीच जाऊन उस्तादांना सांगितलं. मागच्या जिन्याच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. ते बराच वेळ हाताच्या रेषा बघत होते. मग म्हणाले, "चार आदमी का तो मैंने जिंदगी में नै पकाया."

"घरी कधीच नाही?"

"घर में वो पकाती. मैं बस बोलता था, नमक तेज है, गोश्त कच्चा है." पायरीवरची धूळ झटकत म्हणाले, "बयालीस साल बोला."

"आणि तुमच्या हातचं त्यांनी खाल्लंय की नाही?"

उस्तादांनी नाही म्हणून मान हलवली. बावर्चीचा एक रिवाज असतो, तो मला तेव्हा नीट कळला. लग्नाची देग ज्याची, त्याचं अन्न. त्यातली वाटीही बावर्ची घरी नेत नाही. नेली तर चोरी. आणि पुरुषांच्या पंगतीत भाभी यायच्या नाहीत, बायकांच्या पंगतीत बोलावणं असेल तरच. उस्तादांना बोलावणं असायचं कामाचं. म्हणजे अर्ध्या शहरानं त्यांचा कलिया खाल्ला, मी तर इतका खाल्ला की माझ्या पोटात त्याची सनद आहे, आणि त्यांच्या घरातल्या माणसानं एकदाही नाही.

"उस्ताद," मी म्हटलं, "चार माणसांचं ज्याला येतं त्याच्याकडून शिका की."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसा मी त्यांच्या देगीत बूट टाकलाय.

चार-पाच दिवसांनी मी शहागंजात त्यांच्या घरी गेलो. सकाळचे दहा. दार उघडं. आत पाटावर भाभी बसलेल्या, आणि त्यांच्या समोर जमिनीवर उकिडवे उस्ताद, हातात चार कांदे. हो, चार. पोत्यानं कांदे चिरणारा माणूस एक कांदा असा धरून बसला होता, जसं कुणाचं तान्हं बाळ सांभाळायला दिलंय.

"आओ भाईसाब," भाभी म्हणाल्या. "देखो, तुम्हारा उस्ताद."

"भाभी, कसं चाललंय शिक्षण?"

"कल का खा के मुर्गी भी भाग गयी. आज जरा इन्सान के लायक है."

उस्तादांनी मिठाच्या डब्यात हात घातला. पंजा उघडला तसा भाभींनी पळीनं त्या हातावर अलगद फटका दिला. "मुट्ठी नै. दो उंगली. अंगूठा साथ में." उस्तादांनी दोन बोटं अन् अंगठा जुळवला. मला चिमटा घेणारा खेकडा आठवला. चिमटीतलं अर्धं मीठ चटईवर, अर्धं पातेल्यात.

"बयालीस साल," भाभी माझ्याकडं बघत म्हणाल्या, आवाजात राग नव्हता, "बयालीस साल मेरी हंडी में ऐब निकाले. अब हंडी बोल रही, आ मियाँ, बैठ."

उस्तादांनी चटईवर सांडलेलं मीठ गोळा केलं. फक्त एवढंच विचारलं, "पानी कब डालूं?"

"तेल ऊपर आया तब. तुम देखते नै, जल्दी करते. तुमकू लगता पीछे बरात खडी है." भाभी उठल्या, चहा टाकायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पीछे कोई नै है. मैं हूं बस."

ड्राय डे आला. बारच्या बाटल्यांवर कुलूप, बारवाला गावी. हॉटेल असं शांत, की पहिल्यांदाच मला त्या खुर्च्यांचे आवाज ऐकू आले. टेबलावर चार ताटं मांडली. भागीदार, भाची, मी. चौथ्या ताटासाठी भागीदार त्याच्या एका खाणाऱ्या मित्राला बोलावणार होता. उस्ताद मागच्या दारात उभे राहून म्हणाले, "चौथी प्लेट मेरे मेहमान की." आणि मागच्या जिन्यावरून भाभी वर आल्या. काळा बुरखा, हातात रुमाल, चेहऱ्यावर परीक्षेला बसवलेल्या मास्तरणीचा भाव.

भाचीनं खुर्ची पुढं ओढली. "चाची, या."

"यहां बैठ के खाते क्या?" भाभींनी चारी बाजूंनी बघितलं. "बत्ती नै लगाते?"

भाचीनं दिवे लावले. त्या हॉटेलात एवढा उजेड त्याआधी कुणी पाहिला नव्हता. मला तर भिंतीचा रंगच त्या दिवशी कळला.

कलिया आला. तर्री वर, पातळ, लालसर. नान मऊ. भागीदारानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग बोलणं विसरून खात राहिला. मी खाल्लं. खोटं सांगत नाही, आणि हे मी क्वचितच म्हणतो, तो लग्नातला कलिया नव्हता. लग्नातल्या कलियात एक धूर असतो, एक आरडाओरडा असतो. यात तसलं काही नव्हतं. कुणी आपल्याला ताटात बघून वाढलंय असं वाटत होतं.

"चाचा, हे उत्तम आहे," भागीदार म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

उस्तादांनी ते ऐकलंच नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, खांद्यावर फडकं, आणि एकाच ताटाकडं बघत होते. भाचीनं हातातला घास ताटात ठेवला. भागीदारालाही कळलं असावं, कारण त्यानंही हात थांबवला. निकाल त्यानं दिला होता, पण तो कुणालाच निकाल वाटत नव्हता.

भाभींनी नान मोडलं, रश्श्यात बुडवलं, खाल्लं. परत मोडलं, खाल्लं. हाडाचा तुकडा उचलून नीट साफ केला. बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाल्या, "हल्दी जरा और भूननी थी."

"हौ," उस्ताद म्हणाले.

मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखतो. त्यांच्या तोंडून स्वयंपाकाच्या बाबतीत हौ मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बाकी," भाभींनी ताट पुढं सरकवलं, "और दो. शोरबा दो, गोश्त नक्को."

उस्तादांनी स्वतः आणून वाढलं. वाढताना रश्श्याचे दोन थेंब टेबलावर सांडले. खांद्याचं दुखणं, ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

उस्ताद राहिले. शनिवारी गर्दी होते, वीसच्या वीस खुर्च्या भरतात, आणि जिन्यावर लोक उभे असतात. स्वयंपाकघरात गेलं की शेगडीवर चार-चार माणसांची पाच छोटी पातेली एका रांगेत. उस्ताद या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, प्रत्येकात वाकून बघतात, दोन बोटं अन् अंगठा जुळवून प्रत्येकात मीठ सोडतात. एकदा भागीदार आत येऊन म्हणाला, "चाचा, पाच कशाला? एक मोठं भांडं लावा, गॅस वाचेल."

उस्तादांनी तिसऱ्या पातेल्यातली तर्री वर आली का ते पाहिलं, पाणी सोडलं, झाकण ठेवलं. मग त्याच्याकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बीस का अभी उसने सिखाया नै."