उसवलेल्या लोकरीचा भाव

बटणताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघेल की नाही, याची तिच्या नवऱ्यालासुद्धा खात्री नाही. निम्मं आयुष्य तिने बटणं, दोरे आणि लोकर विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरमागे काढलं. गिऱ्हाइकाने कोटाचं तुटकं बटण पुढे केलं की ही मागे न बघता खणात हात घालायची आणि त्याचा जोडीदार काढून द्यायची. पुढे मालक थकले, मुलांना दुकानात रस नव्हता, एक दिवस शटर खाली आलं आणि बटणताई घरी बसली. बसली कसली, घरातली कपाटं पुन्हा पुन्हा आवरत सुटली. नवरा बस चालवतो. त्याला स्वतःचे मोजे सापडेनासे झाले तेव्हा त्याने हात टेकले.

तिला यातून बाहेर काढलं नणंदेने, तेही नकळत. नणंदेला हौस दांडगी आणि चिकाटी बेताची. भरतकाम, मणीकाम, कागदाची फुलं, प्रत्येकाचं सामान थाटात आणायचं आणि थोड्या दिवसांत कपाटात कोंबायचं, असा तिचा खाक्या. एकदा तिने ते सगळं दोन पिशव्यांत भरून वहिनीच्या दारात आणून आदळलं. विक नाहीतर फेक, म्हणाली, पण माझ्या डोळ्यांसमोर नको. बटणताईने फोनवर फोटो टाकले, भाव लिहिले, आणि बघता बघता पिशव्या रिकाम्या झाल्या. घराघरांत असं एक कपाट असतं हे तिला कळलं आणि तिचा धंदा सुरू झाला.

भाव लावायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला कायदा. कात्री ओल्या पातळ कागदावर चालवायची. कागद चुरगळला की कात्री बोथट, भाव खाली. दोरा बोटांवर ताणून झटका द्यायचा. तुटला तर तो विकायचाच नाही, शिवण धरणार नाही. लोकर आधी नाकाला लावायची, मग वजनकाट्यावर ठेवायची. हे झालं की जे आहे ते लिहायचं. डाग आहे, लिही. मणी पुरते नाहीत, लिही. भरतकामाच्या रिंगचा स्क्रू घट्ट बसत नाही, तेही लिही. नवरा म्हणायचा की तुझी वर्णनं वाचून वाटतं, तू सामान विकायला बसली आहेस की लोकांना परत पाठवायला. पण लोक तिच्याकडेच यायचे, आणि एकदा आलेले पुन्हा यायचे.

तिची आणखी एक सवय होती. कुणाचं अर्धवट विणलेलं काही आलं की ती ते उसवायची. दुसऱ्याचा अर्धा स्वेटर कोण विकत घेणार? लोकर मात्र जाते. सुईवरून काम उतरवायचं, टोक शोधायचं आणि खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जायचं. मग लड धुवायची, खाली वजन अडकवून टांगायची, म्हणजे वाळताना लोकरीतले वळसे निघतात. या कामात तिला इतका आनंद व्हायचा की टीव्हीवरच्या मालिकेत कोण मेलं नि कोण परत आलं याचा तिला पत्ता नसायचा.

एका सकाळी चष्मा लावलेला एक मध्यम वयाचा माणूस मोठी बॅग घेऊन दारात आला. आईचं सामान आहे, म्हणाला. आई आता त्याच्याकडे राहायला आली होती. आजारपणात तिचा उजवा हात गेला होता, म्हणजे होता जागेवर, पण काही धरत नव्हता. सामान बघून तिला त्रास होतो, तिनेच देऊन टाक म्हणून सांगितलंय. पैशांचं विचारलं तर म्हणाला, काय येतील ते तुम्हीच ठेवा, आणि सुटल्यासारखा जिना उतरला.

बॅग उघडली आणि बटणताई हरखली. क्रोशाच्या सुया आकाराप्रमाणे लावलेल्या, रेशमाच्या लडी रंगाप्रमाणे, लोकरीच्या गुंड्यांभोवती घडी घालून गुंडाळलेले कागद. तळाशी एक गडद लाल शाल होती, अर्धी झालेली, सुया तशाच अडकवलेल्या. वीण सैल आणि देखणी होती. बटणताईने ती क्षणभर खिडकीच्या उजेडात धरली, वा म्हणाली, आणि दुपारी उसवून टाकली.

सामान फोनवर चढलं आणि त्याला एक गिऱ्हाईक चिकटलं. नाव लिहिलेलं ‘खिडकीजवळची’, फोटो नाही. रोज एक वस्तू घ्यायची, एकच. आज क्रोशाची सुई, उद्या निळ्या रेशमाची लड. घासाघीस करायची, पण उलटी: ही सुई इतकी स्वस्त का लावलीत, असं विचारायची. असली बाई बटणताईने काउंटरवर उभ्या जन्मात पाहिली नव्हती. नवरा म्हणाला, डोकं फिरलेलं असेल कुणाचं, तू पैसे घे.

मग एकदा हिरव्या लोकरीच्या गुंड्याच्या फोटोखाली तिने लिहिलं, “आत गाठ आहे. तुम्ही लिहिली नाही.”

बटणताईला हे लागलं. तिच्या वर्णनात गाठ राहावी? तिने गुंडा उलगडत नेला, नेला, आणि अगदी आतल्या फेऱ्यांत खरंच गाठ निघाली, इतकी बारीक की बोटालाच कळावी. फोटोत ती दिसणं शक्य नव्हतं. ती गुंडा मांडीवर घेऊन तशीच बसली आणि मग तिने विचारलं की तुम्हाला कसं कळलं. उत्तराऐवजी सरळ फोनच वाजला.

“कारण ती गाठ मी मारलीय,” पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज म्हणाला.

ती चष्मेवाल्याची आई होती. पूर्वी पोस्टात काउंटरला बसायची, आणि बोलण्यात अजून तो ठसका होता. सामान दे म्हणाले ते रागाच्या भरात, असं तिने सांगितलं. माझा मुलगा फार आज्ञाधारक आहे, नेमका नको तेव्हा. मग एक दिवस फोन चाळताना तिला आपल्या सुया परक्या टेबलावर मांडलेल्या दिसल्या. भाव बघून आधी ती चिडली आणि मग रडली, हेही तिने लपवलं नाही. मुलाला कळू न देता, तो कामावर असताना, ती एकेक वस्तू परत घेत होती. मुलाने आपल्यासाठी वाईट वाटून घ्यावं हे तिला नको होतं.

“लाल शाल अजून विकायला लावली नाहीस तू,” ती शेवटी म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. “माझ्या उजव्या हाताचं शेवटचं काम आहे ते. डाव्याने जमलंच, तर तिथूनच पुढे धरीन म्हणते. आहे ना तुझ्याकडे?”

जगातला प्रत्येक डाग लिहिणाऱ्या बटणताईच्या तोंडून शब्द आला तो एवढाच: “बघते.”

तिने फोन ठेवला. लाल लोकर समोरच दाराच्या कडीला टांगलेली होती, धुतलेली, सरळ झालेली. म्हातारी पुन्हा सुई हातात धरणार की नाही हे त्या अर्ध्या शालीवर अवलंबून होतं आणि ती शाल आता कुठेच नव्हती. नवऱ्याने जेवताना ऐकून घेतलं. आलीच नाही म्हणून सांग, म्हणाला. तिने नुसतं बघितलं तसा तो म्हणाला, बरं, तुला विणता येतं, लोकर तीच आहे, विण पुन्हा तेवढी. तिला काय कळणार?

हे मात्र बटणताईच्या डोक्यात शिरलं. सामान आल्या आल्या काढलेला फोटो होता, नमुना दिसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुया घेऊन बसली आणि हातभर रुंदीच्या काही ओळी तिने विणल्यासुद्धा. मग फोटो शेजारी धरला. नमुना तोच, टाके तेवढेच, पण तिची वीण घट्ट होती. तिचा हात जन्माचा घट्ट; दुकानाचं शटर पडल्यापासून तर जास्तच. म्हातारीची वीण मोकळी होती, श्वास घेणारी. गुंड्याच्या आतली एवढीशी गाठ लक्षात ठेवणाऱ्या बाईला हे अंधारातही कळलं असतं. आपण हे काय करत होतो, याची तिला इतकी लाज वाटली की एकट्या घरात तिचे कान तापले. तिने स्वतःच्या ओळीही उसवल्या.

पार्सलांवरचा पत्ता तिच्याकडे होताच. मुलगा कामावर असण्याच्या वेळी ती निघाली. पिशवीत लाल लोकर होती आणि आणखी एक वस्तू, एका शिंप्याच्या घरून आलेली: टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची लोखंडी पकड.

दार म्हातारीनेच उघडलं. उंच, ताठ बाई, उजवा हात पोटाशी धरलेला. खोली नीटनेटकी होती, खिडकीशी टेबल आणि खुर्ची, आणि पलंगाखालच्या खोक्यात बटणताईने पाठवलेली सगळी पाकिटं. एकही उघडलेलं नव्हतं. चिकटपट्टी जशी लावली होती तशीच होती. ती पाकिटं बघून बटणताई वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली आणि तिने लोकरीची लड टेबलावर ठेवली.

“मी उसवली, मावशी.”

“सगळी?”

“सगळी.”

म्हातारी खुर्चीत बसली. तिने लडीकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. अख्खा हिवाळा लागला होता मला, म्हणाली. विचारावंसंही वाटलं नाही का तुला? बटणताई म्हणाली, नाही वाटलं. अर्धवट दिसलं की मी उसवते, कुणाचं काय राहिलंय त्यात हे मी कधी विचारलंच नाही. फोनवर बघते म्हणाले तेव्हाच सांगायला हवं होतं. काल तर तशीच विणून द्यायला बसले होते, पण तुमची वीण मला येत नाही. हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने नाही, पिशवीच्या कडेने पुसले. म्हातारी ऐकत होती. मग तिचा डावा हात टेबलावर आला आणि लडीवर फिरला.

“धुतलीस मात्र चांगली,” ती कोरडेपणाने म्हणाली. “वळसे राहिले नाहीत.”

बटणताईला एवढा धीर पुरला. तिने पकड काढली, टेबलाच्या कडेला आवळली आणि तिच्यात एक सुई आडवी घट्ट बसवली. एक सुई टेबल धरेल, दुसरी डावा हात. म्हातारीचे ओठ आवळले गेले.

“मला कुणाची दया नको.”

“दया नाही,” बटणताई म्हणाली. “विकायला आणलीय.” आणि तिने भाव सांगितला.

इतका भाव ऐकून पोस्टातली बाई जागी झाली. वापरलेल्या पकडीला एवढे? गंज आहे इथे. बटणताई म्हणाली, गंज धरूनच सांगितलाय. रंग उडालाय. रंगाचे पैसे आधीच कापलेत. दोघींनी असं यथास्थित भांडून घेतलं, एकीने थोडं सोडलं, दुसरीने थोडं चढवलं, आणि सौदा झाला. पैसे मोजून दिल्यावर म्हातारीला वस्तू वापरून बघणं भागच होतं.

पहिली ओळ बटणताईने घालून दिली. मग म्हातारीने दुसरी सुई डाव्या हातात घेतली. टाका निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. ती जोरात शिवी देणार होती, पण पाहुणी समोर होती म्हणून हळू दिली. बटणताईने मदतीला हात पुढे केला नाही. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. कधीतरी एक टाका सुईवर गेला आणि राहिला, मग त्याच्या शेजारी दुसरा. उन्हाची तिरीप टेबलावरून जमिनीवर उतरेपर्यंत एक ओळ झाली.

“वेडीवाकडी आहे,” म्हातारी म्हणाली.

“आहे,” बटणताई म्हणाली. जे आहे ते सांगायची सवय होती तिला. म्हातारी त्यावर पहिल्यांदा हसली आणि म्हणाली की त्या शालीशेजारी ही ओळ लागली असती तर मी रोज दोन्हींची तुलना करत बसले असते, पुढे गेलेच नसते. तरी तुला माफ केलेलं नाही, हेही तिने लगेच बजावलं. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा पकड टेबलालाच होती. त्याने ती पाहिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली, असं तिने नंतर फोनवर सांगितलं.

त्या दिवसापासून अर्धवट काम आलं की बटणताई आधी फोन करते: हे कुणाचं, उसवू का? बहुतेक लोक म्हणतात उसवा. एखादाच थांबतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, मी येतो न्यायला. तिचा वेळ जातो, फोनचं बिल वाढतं, नवरा कुरकुरतो. ती ऐकत नाही.

खिडकीजवळचीच्या वस्तू एव्हाना संपल्या होत्या. तिचं होतं ते सगळं तिच्याकडे परत गेलं होतं. निरोप येणं थांबलं. आता कशाला करेल ही आपल्याला फोन, असं बटणताईला वाटायला लागलं, आणि जरा चुकल्यासारखंही वाटलं. मग एका दुपारी निरोप आला. राखाडी लोकर हवी होती, कुण्या तिसऱ्याच घरून आलेली, अख्खं पोतं. म्हातारीचा त्या लोकरीशी कसलाही संबंध नव्हता.

बटणताईने तिला फोन लावला. “मावशी, ही लोकर एका हाताने विणायला तुम्हाला दोन वर्षं लागतील.”

“तीन,” म्हातारी म्हणाली. “मी हिशेब केलाय. भाव सांग.”