पूजेतली पक्कड

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळल्या आहेत. पण मोहोळजवळ उसात पडलेलं ते विमान अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. सत्तरनंतरची गोष्ट. मी तिथे फौजदार होतो. उसावर पाकोळी कीड पडली होती आणि औषध फवारायला एका कंपनीचं छोटं विमान आलं होतं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर त्याचा तळ होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उडालं आणि पाच मिनिटांत उसात घुसलं. दाट उसानं धक्का झेलला म्हणून वैमानिकाचं पायावर निभावलं. पंचनाम्यात दिसलं, की विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीकडचा दांडा सुटला होता. त्याचा बोल्ट जागेवर नव्हता.

दुपारी तळावरचा राखणदार खबर घेऊन आला. "दसऱ्याच्या सांजच्याला त्यो मेथीवाला इमानाच्या शेपटीपाशी हुता, सायेब. म्या बघितला."

मेथीवाला कोण, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आठवड्यापूर्वी वाऱ्यानं औषध त्याच्या वावरात गेलं आणि काढणीला आलेली मेथी त्याला खड्ड्यात पुरावी लागली. तेव्हा त्यानं चारचौघांत 'इमान खाली पाडतो' असा दम भरला होता. वरून फोन आला, आजच अटक दाखवा. खुनाच्या प्रयत्नाचं कलम म्हणजे त्याच्या संसाराची मातीच होती.

त्याला समोर बसवून विचारलं, "शेपटीपाशी कशाला गेला होतास?"

"सोनं द्यायला. इमानाचा मिस्त्री तितं हुता. वर्साचा सण, भांडण किती दिस ठिवायचं? आपट्याचं पान दिलं, गळाभेट केली, घरी आलो."

खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगत सुटतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता. तरी अटकेचा कागद मी अर्धा भरून ठेवला होता, हे कबूल करतो.

मग मिस्त्रीचा जबाब घेतला. कुर्डुवाडीकडचा, चाळिशीचा, हाताचा चांगला कारागीर. बोल्टाचा नट फिरू नये म्हणून त्यातून एक पिन घालून टोकं वाकवतात, हे त्यानंच मला समजावलं. "ती पिन म्या आज सकाळीच पक्कडीनं वाकवली की," तो म्हणाला. रजिस्टरात काम पूर्ण झाल्याची त्याची सहीही होती.

"पक्कड दाखव," मी म्हणालो.

तळावरच्या शेडमध्ये खंडेनवमीची पूजा अजून पाटावर मांडलेली होती. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत कुणी उचलत नाही. पक्कडीच्या जबड्यावर कुंकवात चिकटलेल्या अक्षता वाळून गेल्या होत्या. एकही दाणा हलला नव्हता. मी पक्कड उचलली. खाली एक कोरी, सरळ पिन होती.

"दुसरी पक्कड आहे?"

"न्हाय," तो म्हणाला. "नवमीला पिन घालायच्या येळंलाच पूजेला हाका मारल्या. समदं पाटावर ठिवलं. आज सकाळी इमानावर हार बघितला आन् काम झालं आसं वाटलं. सही केली. तुमी इचारल्यावर भ्यालो." मग माझे पाय धरायला वाकला. "त्याला आत घालू नका, सायेब. त्यानं मला सोनं दिलंय."

मला राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. अटकेचा तो कागद मी फाडला. दिवेलागणीच्या आत मेथीवाला घरी पोचला. मिस्त्रीवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, मुंबईहून तपासनीस आले, त्याचं काम काही महिने बंद राहिलं. त्याला परत घ्या, असा आग्रह धरला तो खुद्द वैमानिकानं. "आता हा पिन विसरणार नाही," तो म्हणाला, आणि कुबडी टाकून पुन्हा उडालाही.

सही म्हणजे काम नव्हे, हे मी त्या पाटापाशी शिकलो. पुढे ठाण्यातल्या शस्त्रपूजनाआधी प्रत्येक रायफल मी स्वतः उघडून बघायचो. हवालदार मागे हसायचे, हसू दे.

पुढच्या खंडेनवमीला तळावरून बोलावणं आलं. नारळाचा मान मेथीवाल्याला दिला होता. त्यानं नारळ डोक्यावर उचलला आणि विमानाखाली आडव्या पडलेल्या मिस्त्रीला विचारलं, "झालं का समदं?"

"एक पिन ऱ्हायली."

त्यानं नारळ खाली घेतला, काखेत धरला आणि पूजेची घाई करणाऱ्या सगळ्यांना हातानं थोपवलं.

"हूं दे तुजं निवांत," तो म्हणाला. "आमी हाय की हितं."