टिन जॅकरांडाचे शेवटचे गाणे

उल्हासराव टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट आयर्लंडमधल्या नास गावच्या हॉलमध्ये, आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात झाली. गायिकेने सा लावला आणि स्पीकरने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या आजींनी कान झाकले. मागून एक उंच गृहस्थ उठले. त्यांनी स्पीकर वळवला, माइक खाली घेतला आणि परतताना मला म्हणाले, "याच शिट्टीवर आम्ही वर्षानुवर्षे पोट भरलं. पण इथे नको." हे 'आम्ही' कोण, ते कळायला मला पुढची दिवाळी उजाडली.

इंजिनिअर व्हायला पुण्याहून ॲडलेडला गेलेल्या उल्हासरावांनी तिथे तीन ऑस्ट्रेलियन मित्रांबरोबर 'टिन जॅकरांडा' हा बँड काढला. ब्रेंडन गात असे, उल्हासराव गिटार वाजवत. बास आणि ड्रम्स दोघा भावांकडे होते. त्यांच्या संगीताला निओ-सायकेडेलिक रॉक म्हणतात. गिटारचे सूर प्रतिध्वनीत इतके भिजवायचे, की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळू नये. चार अल्बम निघाले. पबमधल्या कोपऱ्यापासून युरोपातल्या महोत्सवांपर्यंत मजल गेली. जाणकारांनी कौतुक केले. खप बेताचाच राहिला.

त्याचे एक कारण त्यांच्याच शिस्तीत होते. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ते एक लांबलचक, बिननावाचे गाणे वाजवत. आपसात त्याला 'शेवटचे' एवढेच म्हणत. ते कधीही रेकॉर्ड करायचे नाही, जो येईल त्याने ऐकावे, असे चौघांनी ठरवले होते. लोक त्या गाण्यासाठी लांबून येत. तिसऱ्या अल्बमसाठी रेकॉर्ड कंपनीने ते मागितले, चौघांनी नकार दिला, कंपनीने हात आखडता घेतला. चौथा अल्बम त्यांनी स्वतःच्या हिमतीवर काढला आणि त्यानंतर, कोणाशी कोणाचे भांडण न होताच, बँड विरत गेला. आज जे अल्बम ऐकायला मिळतात त्यांत बँडचे सर्वांत चांगले काम नाही, ही खंत उल्हासराव लपवत नाहीत.

त्यांच्या पत्नी मेधाताई यांना इथल्या औषध कारखान्यात नोकरी मिळाली, तेव्हा दोघे आयर्लंडला आले. नासमध्ये उल्हासराव गिटार दुरुस्त करतात. विमानात माझ्या पत्नीच्या पेटीचा भाता फाटला होता, तो त्यांनी आपली सुटी खर्चून जोडला. आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार राहू द्या, वहिनींना भीमपलास वाजवायला सांगा." मंडळाची मुले त्यांच्याकडे शिकतात. एकीने तारा छेडून, 'छान'ला इथे म्हणतात तसे, "दॅट्स ग्रँड, काका!" म्हटले, तेव्हा ते उत्तरले, "ग्रँड नाही, बेसूर आहे. पुन्हा."

गेल्या हिवाळ्यात ब्रेंडन गेला. दोघा भावांनी संगीत केव्हाच सोडले आहे. 'शेवटचे' आता फक्त उल्हासरावांना येते, आणि त्यांच्या डाव्या हाताचे सांधे सुजू लागले आहेत. त्यांच्या साठीनिमित्त मंडळ काढत असलेल्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि धीर करून विचारले, "फोन टेबलावर ठेवू का?"

"ठेवा की. बंद करून."

"अहो, ब्रेंडन गेला," तिथेच बसलेल्या मेधाताई म्हणाल्या. "आता विचारायचंय कोणाला?"

"त्यालाच विचारायचं होतं. म्हणून तर अडलंय." मग म्हणाले, "तेव्हाच रेकॉर्ड करायला हवं होतं. चूकच झाली आमची. पण आता केलं तर ते माझं एकट्याचं होईल. तसं ते कधीच नव्हतं."

मी फोन बंद केला. त्यांनी गिटार घेतली. ब्रेंडनचा आवाज यायचा तिथे ते थांबत, त्याच्या ओळीपुरती जागा सोडत आणि मान हलवून पुढे जात. एका ठिकाणी करंगळी पोचली नाही. हसून म्हणाले, "इथे एक सूर आहे असं समजा."

सत्काराच्या संध्याकाळी शेवटी ते हे गाणे वाजवणार आहेत. त्यांच्या विनंतीवरून त्या वेळी सर्वांचे फोन बंद राहतील. जे येऊ शकणार नाहीत त्यांच्या हाती हा लेख तेवढा पडेल. न ऐकलेल्या गाण्याची भरपाई माझ्या लेखणीला जमणारी नाही.

साठीच्या माणसाला आपण उदंड आयुष्य चिंततो. उल्हासरावांना ते लाभोच; पण बोटांनाही लाभो, विशेषतः त्या करंगळीला. ते आहेत तोवरच हे गाणे आहे.