मुलीचे मामा

आठवडाभर मी निगडीच्या एका ज्युनियर कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी लग्नांमध्ये माईक धरतो. कॉलेजात मी 'सर' असतो, मंडपात 'ओ माईकवाले'. कुणाचा सत्कार आधी, कुणाचा नंतर, हे चुकू न देणं हेच ते काम. तिथं कुणी माझं पूर्ण नाव विचारलं की मी चुळबुळतो, कारण ते आडनावासाठी विचारलेलं असतं. वडील पिंपरीतल्या कारखान्यात कामगार होते, आम्ही बौद्ध. सांगायची लाज नाही. पण सांगितल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, ते थांबणं मला बरोबर कळतं.

मागच्या उन्हाळ्यात तळेगावच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. मुलीचे वडील रावेतकडचे जुने शेतकरी, जमीन विकून आता बांधकामाच्या धंद्यात. मंगलाष्टकांच्या थोडं आधी ते माझ्या कानाशी आले.

"मामांना बोलवाल तेव्हा आमच्या नगरसेवकांचं नाव घ्या. आमच्या मंडळींचे चुलतभाऊ हायेत ते."

"आणि सख्खे मामा?"

"हायेत की, मागं बसलेत." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "चाकणला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला असतो तो. आन् आमचे व्याही त्याच कंपनीत मोठे साहेब. रोज त्याच गेटातनं जातात. उगं शोभा नको, राव."

त्याच वर्षी मी वर्गात शिकवलं होतं : कष्टानं मिळतो तो अर्जित दर्जा, जन्मानं मिळतो तो अर्पित. मामा असणं तर जन्माचंच. ते काढून कसं घेतील? वेळ आली तेव्हा मी कुणाचंच नाव घेतलं नाही. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं," एवढंच म्हणालो.

दोन माणसं उभी राहिली. पहिल्या रांगेतून नगरसेवक, आणि पार मागून, जेवणाच्या हॉलच्या दाराजवळून, एक सडपातळ माणूस. त्यांच्या डोक्याला फेटासुद्धा कुणी बांधला नव्हता. दोघंही एकमेकांना बघून थांबले. मुलीचे वडील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

तेवढ्यात मुलीची आई उठली. "माझा भाऊ त्यो हाय," ती मागच्या माणसाकडे हात करून म्हणाली. "पोरीला त्योच आणंल."

नगरसेवक मुरलेला माणूस. ते हसले, स्वतःचा फेटा काढून त्यांनी तो मामांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांनी मला खुणावलं, "बोला की, मनाचा मोठेपणा म्हणा!" मी बोललो. पुन्हा टाळ्या. सगळ्या माना नगरसेवकांकडे वळलेल्या. मामा डोक्यावरचा सैल फेटा एका हातानं सावरत मुलीला आणायला गेले.

लग्न लागल्यावर व्याहीभेटी झाल्या. मुलाचे वडील समोर आले तसा मामांचा उजवा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यातच खाली आला. साहेबांनी तो हात प्रेमानं हातात घेतला.

"आपण कुठं असता?"

मी शेजारीच होतो. माईक बंद केला.

"चाकणला. तुमच्याच कंपनीत."

"अरे वा! कुठल्या डिपार्टमेंटला?"

"गेटला, साहेब. सकाळी तुमची गाडी मीच आत सोडतो."

साहेब त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "हो का," ते म्हणाले, "हो का." हात अजून हातातच होता. तो कधी सोडायचा, हे दोघांनाही कळेना. शेवटी फोटोग्राफरनं इकडे बघायला सांगितलं.

काही महिन्यांनी मुलीची आई मला निगडीच्या बसस्टँडवर भेटली. तिनंच ओळखलं. मी तिच्या भावाची चौकशी केली.

"त्यानं गेट बदलून घेतलं," ती म्हणाली.

"का? व्याही काही बोलले?"

"न्हाई हो, माणूस चांगला हाय. रोज गाडी थांबवायचे, काच खाली करून 'मामा, नमस्कार' म्हणायचे. मागं गाड्यांची रांग. सुपरवायझर बघत ऱ्हायचा. आता ह्यानं सॅल्यूट मारायचा का नमस्कार करायचा? कवा एक हात कपाळाला, कवा दोन्ही जोडायचे. झोप लागंना त्याला. शेवटी स्वतःच सांगून मालाच्या गेटवर गेला. तिथं नुसते ट्रक येतात."

तिची बस आली नि ती चढून गेली. मी तिथंच या फलाटावरून त्या फलाटावर जात राहिलो. माझी बसही त्यात चुकली.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका भूमिका-संघर्ष घ्यायचा होता. व्याख्या फळ्यावर लिहिली : एकाच माणसाच्या दोन भूमिका एकमेकींच्या आड येतात, तो भूमिका-संघर्ष. एका मुलीनं उदाहरण विचारलं. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि पुस्तकातलंच दिलं. ते सगळ्यांनी उतरून घेतलं. मी मात्र तास संपेपर्यंत फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होतो.