एकतीस नंबरचा अंपायर

मल्लिनाथ घोंगडे म्हणतो, तो झोपलाच नव्हता. म्हणू द्या. सहासष्ट वर्षांचा माणूस, बार्शीतली एप्रिलची दुपार, पोटात आमटी-भात आणि डोक्यावर करकरणारा पंखा. झोप नाही येणार तर काय येणार? बायको सुनंदा भजनाला गेलेली. हा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलाय, हात धुवायलाही उठलेला नाही. समोर एक दोनशे पानी वही पडलीय आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून यानं डोळे मिटलेत.

वही बब्रुवान काशीदची. बब्रुवान म्हणजे याचा जिवाभावाचा दोस्त, पोस्टमन होता, मागच्या पावसाळ्यात गेला. सकाळी त्याची पोरगी रोहिणी वही घेऊन आली होती.

"काका, उद्या पुण्याचे ते गृहस्थ येणारेत. बाबांची वही प्रदर्शनात ठेवायची म्हणतायत," ती म्हणाली. मग पान उलटून तिनं बोट ठेवलं. "हे तेवढं बघा. एकतीसची जागा रिकामी आहे आणि खाली बाबांनी लिहिलंय, 'पाहिले आहे'. लोक आधीच हसलेत त्यांना. मेल्यावर आणखी कशाला? खोडून टाकू का?"

"बघतो," मल्लिनाथ म्हणाला.

"तुम्ही सांगाल तसं. संध्याकाळी येते मी."

बघतो म्हणे! चाळीस वर्षं याला नुसतं बघण्यापलीकडं काही जमलेलं नाही. त्या वहीत क्रिकेटची कार्डं आहेत. लॉटरीच्या तिकिटापेक्षा लहान, पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची कुंडली. पूर्वी गोळ्यांच्या पुडक्यात निघायची. एक ते एकतीस नंबर पुडक्यावर यादीत छापलेले. पोरं गोळ्या खाऊन दात किडवायची आणि मिशा फुटलेला बब्रुवानही त्यांच्यात. तीस कार्डं सगळ्यांना मिळाली. एकतिसावं कुणालाच नाही. आता त्या कार्डांचा मोठा धंदा झालाय, मेळावे भरतात, जाणकार मंडळी जाड भिंगातून कोपरे तपासतात, आणि एकतीस का नाही यावर तावातावानं भांडतात. कुणी म्हणतं कंपनीनं मुद्दाम दाबलं. कुणी म्हणतं छापलंच नाही. मल्लिनाथला ठाऊक आहे. कार्डं ज्या प्रेसात छापली, तिथला कटर, म्हणजे कागद कापणारा, तोच होता.

डोळ्यांपुढं लाल होतं, मग करडं. पंख्याची करकर जाड होत जाते, खाली येते, आणि आता ती पंख्याची नाहीच. कटिंग मशीनचं पातं खाली येतंय. खच्च.

"काय मल्ल्या, झोपलास व्हय?"

स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून कागदाचे गठ्ठे रचलेत आणि त्यातल्या एकावर बब्रुवान बसलाय. अंगात तोच पांढरा कोट. दर रविवारी मैदानावर अंपायर म्हणून उभा राहायचा, तेव्हा डॉक्टरांकडून मागून आणलेला हा कोट घालायचा.

"न्हाई झोपलो," मल्लिनाथ म्हणतो. मेलेल्या माणसाला बघून दचकायला हवं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. "तू कवा आलास?"

"डबा घेऊन आलो. तुझ्या आईनं दिलाय. आणि हे काय करून बसलायस रं?"

मल्लिनाथ खाली बघतो. पायांशी गुडघाभर कागदाच्या पट्ट्या. आलेली शिंक थांबवता येते, पण कटरच्या हाताची सवय थांबत नाही. शीट हातात आलं की आधी कड मारायची, म्हणजे कडेची कोरी पट्टी कापून टाकायची, मग मापं. तीस कार्डांचं शीट होतं. एकतिसावं कंपनीनं ऐनवेळी धाडलं, म्हणून मालकांनी ते कडेच्या मोकळ्या पट्टीत बसवलं आणि न सांगताच सोलापूरला निघून गेले. मल्लिनाथनं हातात शीटं घेतली आणि सवयीनं सगळ्या गठ्ठ्यांची कड मारली. शेवटचा गठ्ठा कापल्यावर एक पट्टी उचलून बघतो तर काय, पट्टीत माणूस!

"अंपायर हाय रं हा," बब्रुवान म्हणतो. तो गठ्ठ्यावरून उतरून पट्ट्यांत बसलाय आणि एकेक उचलून बघतोय. "हे बघ, हात घावला. टोपी घावंना."

"ऱ्हाऊ दे बब्रू."

"असं कसं? तीस खेळाडू, आणि त्यांच्यात एकच अंपायर. तेवढा एक माझ्या जातीचा, आणि तूच कापलास!" तो हसतोय. त्या दिवशीही असाच हसला होता, पोट धरधरून, आणि मल्लिनाथला रडू फुटत होतं. "सगळे गेले?"

"एक शीट हाय. नमुन्याचं. मशीनवर टांगलेलं."

"मग काप की. नीट काप."

मल्लिनाथ कापतो. कार्ड सुटं होतं, कोरं करकरीत. पांढऱ्या कोटातला अंपायर, मागं हिरवं मैदान, कोपऱ्यात आकडा एकतीस. तो ते तळहातावर धरतो आणि बब्रुवान दोन्ही हात मागं बांधून, वाकून बघतो. हात लावत नाही. हात तेलकट आहेत म्हणतो.

"मला दे ना हे."

"येडा का? मालक बघतील. मी त्यांना सांगणार हाय, पट्टीवर शाईच धरली न्हाई, समदं फेकून दिलं. हे बाहेर दिसलं तर नोकरी जाईल माझी."

"बरं," बब्रुवान म्हणतो. "न्हाई मागत. बघितलं तेवढं पुरे."

बोलता बोलता ते बाहेर आलेत. प्रेसच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता लागायला हवा, पण मैदान लागलंय. ऊन आहे आणि सावली कुणाचीच पडत नाही. एका टोकाला तीन काठ्या ठोकलेल्या. खेळणारं कुणी नाही. बब्रुवान काठ्यांमागं जाऊन उभा राहतो. कोटाच्या खिशातून खडे काढतो, सहा मोजतो, परत खिशात टाकतो.

मल्लिनाथच्या खांद्यावर काहीतरी जड आहे. हात लावून बघतो तर शाल. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या मेळाव्यात मिळालेली. बब्रुवाननंच नेलं होतं त्याला. त्याआधी कितीतरी वर्षं तो तिथं सांगायचा, एकतीस आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि लोक हसायचे. थापाड्या काशीद म्हणायचे. ज्या माणसानं सख्ख्या भावाला शून्यावर आऊट दिलं, त्याला! शेवटी तो म्हणाला होता, थांबा, प्रेसमधला माणूसच आणतो. नवीन धोतर नेसून नवरदेवाला न्यावं तसं मल्लिनाथला घेऊन गेला.

आणि तिथं झालं भलतंच. आयोजकांनी मल्लिनाथला स्टेजवर बसवलं. ज्यांच्या हाताखाली एका सुताचाही फरक पडला नाही असे कसबी कटर, म्हणून शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या वाजल्या. जन्मात कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मग माईक पुढं आला. "घोंगडेसाहेब, एकदाचं सांगून टाका. एकतीस छापलं होतं का?"

खांद्यावर शाल असताना कसं सांगायचं, की छापलं होतं आणि मी गाढवासारखं कापून फेकलं?

"न्हाई," मल्लिनाथ म्हणाला होता. "छापलंच न्हाई."

सभागृहात हशा झाला. तिसऱ्या रांगेत बब्रुवान बसला होता. तो हसला नाही, उठला नाही, बोलला नाही. कार्ड घरी मल्लिनाथच्या कपाटात होतं. येताना एसटीत एवढंच म्हणाला, "शाल चांगली दिली गड्या. लोकरीची दिसती."

"बब्रू," मल्लिनाथ मैदानाच्या मधोमध उभा राहून ओरडतो. "त्या दिवशी तू बोलला का न्हाईस? उठून म्हणायचं होतंस, ह्यानंच मला दाखवलं हातावर ठेवून. माझं तोंड फोडायचं होतंस!"

बब्रुवान काठ्यांवरची माती बोटानं झाडतो.

"अंपायर आपणहून आऊट देत नसतो मल्ल्या. अपील लागतं. समोर दिसत असलं तरी गप उभं ऱ्हायचं. नियम हाय."

"कसला नियम! तुला थापाड्या म्हणत होते ते."

"म्हणंनात. ते कोण माझे? तू इचारायला पायजे होतंस." त्याचा आवाज पहिल्यांदा जरासा कापतो. "स्टेजवर न्हाई तर एसटीत. एसटीत न्हाई तर दवाखान्यात. चार दिवस पडून होतो. तू रोज मोसंबी घेऊन यायचास आणि सोलत बसायचास. मला वाटायचं, आता इचारशील. आता इचारशील. मोसंबी संपली गड्या."

मल्लिनाथला खाली बसावंसं वाटतं. बसायला जातो तर खुर्ची आहे, स्टेजची. समोर खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या रिकाम्या, आणि मधूनच गवत उगवलेलं. तिसऱ्या रांगेत पांढरा कोट. माईक तोंडाशी आहे. शाल ओल्या घोंगडीसारखी जड झालीय आणि निघत नाही. हे माझ्याच्यानं होणार नाही, त्याला वाटतं, आणि त्याचवेळी वाटतं, आत्ता नाही तर हा पुन्हा भेटायचा नाही.

"बब्रू," तो म्हणतो. "मी चुकलो का रं?"

"चुकलास."

एवढंच. ना राग, ना माया. मॅचमध्ये सांगायचा तसं, मोजकं. आणि मल्लिनाथ ढसाढसा रडायला लागतो, लहान पोरासारखा, माईकवर, सगळ्या रिकाम्या सभागृहात ऐकू जाईल असा.

"बास आता," बब्रुवान जवळ आलाय. "माझी जागा मोकळी हाय अजून. आण ते."

"आणतो. थांब. प्लास्टिकचा खिसा बघतो, हल्ली मिळतात तसले..."

"प्लास्टिक कशाला? भातानं चिकटव. माझी समदी भातानंच चिकटवलीत."

"आरं, भातानं चिकटवलं की वाया जातं! एवढं कोरं कार्ड, जगात एकच हाय. ते भिंगवाले छाती बडवतील."

"मला इकायचंय का ते?" बब्रुवान हसतो. मग मान वाकडी करून बघतो. "का तुला इकायचंय?"

"न्हाई रं, आईशप्पथ!"

"मग चिकटव की."

बब्रुवान दोन्ही हात मागं बांधतो आणि वाकून उभा राहतो, बघायला. त्याच्या कोटाला मोसंबीचा वास आहे. मल्लिनाथ अंगठा दाबतो.

"जोरात दाब," बब्रुवान म्हणतो. "कोपरा उचलतोय."

"काका?"

पंखा बंद आहे. वीज गेलीय वाटतं. मल्लिनाथची मान अवघडलीय आणि सदरा घामानं, आणि गळ्यापाशी आणखी कशानं तरी, ओला झालाय. दारात रोहिणी चपला काढतेय.

"झोपला होता का? लवकर आले मी. काकू नाहीत?"

मल्लिनाथ मान वळवून बघतो. आतल्या खोलीतलं कपाट सताड उघडं आहे. शाल जमिनीवर पडलीय, घडी मोडून. त्या घडीत तो कार्ड ठेवायचा. तो कधी उठला, कधी गेला, त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. समोर वही उघडी आहे आणि 'पाहिले आहे' या शब्दांच्या बरोबर वर एकतीस नंबरचा अंपायर बसलाय. कडेनं शितं बाहेर आलीत, अजून ओली. मल्लिनाथचा अंगठा त्याच्यावर दाबलेला आहे.

रोहिणी जवळ येते आणि बघते.

"हे कुठून आलं?"

"माझ्याकडं होतं," मल्लिनाथ म्हणतो. "खोडू नकोस ते. तुझ्या बापानं बघितलं होतं, मीच दाखवलं होतं त्याला. सगळ्यांची कड मारली मी चुकून, हे एक वाचलं. सोलापुरात मी खोटं बोललो पोरी. सगळ्यांसमोर. उद्या त्या पुण्याच्या माणसापुढं मी बसतो आणि हेच सांगतो."

रोहिणी ओट्याला टेकते. तिचा चेहरा आधी रागानं लाल होतो, मग तो रागही कुठंतरी अडतो.

"बाबांना माहीत होतं? तुमच्याकडं हे आहे ते?"

"सगळं माहीत होतं."

"सोलापूरहून आल्यावरही ते रोज संध्याकाळी तुमच्याकडं चहाला यायचे. मी विचारायचे, कुठं निघालात, तर म्हणायचे, मल्ल्या वाट बघत असेल." ती वहीवरून नजर काढत नाही. "सगळं माहीत असून यायचे?"

मल्लिनाथ अंगठा उचलतो. कार्ड धरून राहिलंय.

"रोज," तो म्हणतो.